नाकाचे मागचे दार : जळगावच्या एका नवजात अतिदक्षता कक्षातील एकोणीस दिवस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एरंडोलच्या एका प्रसूतिगृहात मला मुलगी झाली आणि जन्मानंतर अकरा तासांनी ती जळगावच्या एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दाखल झाली. तिच्या दोन्ही नाकपुड्या समोरून व्यवस्थित दिसत होत्या. पण मागे, जिथे नाक घशात उघडते, तिथे दोन्ही बाजूंना हाड आणि पडदा मिळून भिंतच तयार झालेली होती. डॉक्टर याला कोएनल अट्रेसिया म्हणतात. आमच्या घरात 'नाकाचे मागचे दार बंद' असेच म्हटले गेले आणि तेच रूढ झाले. मुलगी त्या कक्षात एकोणीस दिवस होती. हे परीक्षण त्या कक्षाच्या सेवेचे आहे, तसेच घरी आल्यावर ज्या साधनांवर आमचे पुढचे दिवस निघाले त्यांचेही आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांतली एक सांगूनही अजून मिटलेली नाही. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. बिलाविषयी जरा जास्त लिहिले गेले तर ती नोकरीची खोड समजावी.

प्रसूतिगृहातले पहिले तास आधी सांगायला हवेत, कारण पुढच्या सेवेचे मोल त्यावरूनच कळते. मुलगी पूर्ण दिवसांची होती, वजन २ किलो ७०० ग्रॅम होते आणि जन्मतःच ती खणखणीत रडली. रडणे थांबले की मात्र तिच्या ओठांभोवती निळसर झाक यायची, बरगड्यांखाली खड्डा पडायचा आणि अंगावर घेतले की दोन घोटांतच ती तोंड बाजूला करायची. आधी 'नाकात गर्भजल गेले आहे' असे सांगण्यात आले, मग 'सर्दी आहे' असे सांगण्यात आले आणि नाकाला लावायच्या दोन टोकांच्या नळीने प्राणवायू सुरू झाला. बंद दारावर प्राणवायू सोडण्याचा तो प्रकार होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तेथे कित्येक वर्षे काम करणाऱ्या आयामावशींनी मात्र एक गोष्ट हेरली होती. इतर बाळे रडून रडून काळीनिळी होतात आणि हे बाळ रडले की उलट गुलाबी होते. "जवय रडस तवय लाल व्हस, अन् निजनी की काळी पडस," असे त्या माझ्या आईला दोनदा म्हणाल्या. आई ते डॉक्टरांच्या कानावर घालायला गेली तेव्हा तिला 'आजी, तुम्ही काळजी करू नका' एवढेच उत्तर मिळाले. जळगावला गेल्यावर तेथील डॉक्टरांनी माझ्या पतींना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की बाळ रडताना रंग सुधारतो का.

शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरांनी दूध पोटात पोहोचवण्यासाठी एक बारीक नळी नाकातून घालून पाहिली. उजवीकडून ती जाईना, डावीकडूनही जाईना आणि दोन्ही वेळा साधारण एकाच खोलीवर अडली. त्यांनी ती नळी बाहेर काढून अडलेल्या जागी अंगठ्याचे नख रोवून धरले, तसेच डॉक्टरांना दाखवले आणि तेव्हा कुठे चक्रे हलली. हे सगळे एका नळीवर आणि दोन मिनिटांवर अवलंबून होते, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून नवजातांच्या ज्या नऊ जन्मजात दोषांची तपासणी होते, त्या यादीत हा दोष नाही. त्यामुळे तो सापडणे किंवा न सापडणे बरेचसे जवळ असलेल्या माणसाच्या नजरेवर राहते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आल्यावर तिच्यातल्या डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात प्लास्टिकची छोटी वाकडी नळी बसवून ती चिकटपट्टीने गालाला घट्ट केली. त्या नळीने जीभ टाळूपासून सुटली आणि मुलगी न रडताही श्वास घेऊ लागली. एरंडोल ते जळगाव हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर वाहने तुंबली होती आणि त्या वीस मिनिटांत बाळाचा रंग बदलला नाही, असे माझे पती आजही येईल-जाईल त्याला सांगतात. माझे सिझेरियन झालेले असल्याने मी मागे एरंडोललाच राहिले होते, म्हणून पहिल्या चार दिवसांचे जे लिहीत आहे ते पती आणि आई यांनी पाहिलेले आहे.

आता त्या कक्षाविषयी. दाखल करून घेताना पैसे भरण्याच्या खिडकीकडे पाठवण्याआधी बाळ आत घेतले गेले, ही पहिली नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी. आत गेल्यावर बालरोगतज्ज्ञांनी ६ नंबरची मऊ नळी दोन्ही नाकपुड्यांतून पुन्हा घालून पाहिली. ती नाकाच्या तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर अडली. मग त्यांनी एक गार स्टीलची पट्टी बाळाच्या नाकाखाली धरली आणि माझ्या पतींना जवळ बोलावून दाखवली. निरोगी बाळाच्या श्वासाने अशा पट्टीवर वाफेचे दोन ठिपके उमटतात. येथे पट्टी कोरडीच राहिली. कोणत्याही अहवालापेक्षा त्या कोरड्या पट्टीने आमच्या घरच्यांना आजार लवकर समजला. त्यानंतर डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर नाक आणि घसा यांची आकृती काढली आणि सांगितले की नवजात बाळ पहिले काही महिने जवळजवळ केवळ नाकानेच श्वास घेते. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि मिटलेल्या तोंडात टाळूला टेकलेली असते, म्हणून मोठ्या माणसाला सर्दीत जसे आपोआप तोंडाने श्वास घेता येतो तसे त्याला सुचत नाही. रडले की तोंड उघडते, हवा मिळते आणि रंग परततो. शांत झाले की पुन्हा दार बंद. हा दोष साधारण ५,००० ते ८,००० जन्मांमागे एका बाळात आढळतो, मुलींमध्ये जास्त, आणि बहुतेकांत एकाच बाजूला असतो. एकाच बाजूला असेल तर तो कित्येकदा वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. मुलाची एकच नाकपुडी कायम वाहते आणि घरचे ती सर्दी धरून चालतात. आमच्या बाळाचा प्रकार दोन्ही बाजूंचा, म्हणजे तातडीचा होता.

ती चिठ्ठी अजून आमच्याकडे आहे आणि या रुग्णालयात आम्हाला मिळालेले ते एकमेव नीट स्पष्टीकरण आहे. पुढे कक्षातल्या माणसांचे हात जितके कसबी निघाले तितकी त्यांची जीभ कंजूष निघाली.

हातांचे कसब कसे होते ते सांगते. तोंडातली ती कडक नळी दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या टाळूला लागू लागली, तेव्हा एका ज्येष्ठ सिस्टरांनी दूधबाटलीचे रबरी बूच घेतले, त्याचे टोक कात्रीने कापून मोठे भोक केले, दोन्ही बाजूंना चिरा देऊन त्यांतून फीत ओवली आणि ते बूच बाळाच्या तोंडात ठेवून फीत कानांवरून मागे बांधली. याला मॅकगव्हर्न निपल म्हणतात, असे नंतर कळले. जगभर वापरली जाणारी ही युक्ती इतकी साधी आहे की ती पाहून माझी आई म्हणाली, हे तर घरी करता आले असते. अर्थात बूच तोंडात किती आत जावे आणि फीत किती घट्ट असावी हे घरी कोणाला ठाऊक होते? तोंड त्या बुचामुळे उघडे राहिले आणि बाळाला पहिली शांत झोप लागली. दूध तोंडातून पोटात गेलेल्या नळीने दर दोन तासांनी दिले जात होते. माझे दूध एरंडोलहून मोटरसायकलवर भाऊ आणत असे. बाहेर ऊन ४४ अंशांचे. पहिल्या दिवशी त्याने ते घरच्या स्टीलच्या डब्यात आणले, तेव्हा सिस्टरांनी ते नाकारून त्याच्या हातात निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाची पेटी दिली आणि प्रत्येक बाटलीवर काढल्याची वेळ लिहायला सांगितली. भावाला राग आला होता. माझ्या मते सिस्टरांचे बरोबर होते.

सीटी स्कॅनची घाई त्यांनी केली नाही, हेही मला चांगल्या कामाचे लक्षण वाटते. आधी श्वास आणि दूध यांची घडी बसवली, मग तिसऱ्या दिवशी नाकातला शेंबूड ओढून, सूज उतरवणारे थेंब घालून लगेच स्कॅन केला. कारण नाक भरलेले असताना काढलेल्या चित्रात पडदा कोणता आणि साचलेला द्रव कोणता हे कळत नाही आणि तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो. अहवालात हाड आणि पडदा असा मिश्र प्रकार निघाला. बहुतेक बाळांत असाच निघतो. उरलेल्यांत केवळ हाड असते.

ज्या बाकावर आमचे लोक एकोणीस दिवस बसले, त्यावर त्या काळात आणखी दोन कुटुंबे 'नाक बंद' हीच तक्रार घेऊन आली होती आणि या कक्षाच्या विवेकाची पारख मला त्यांच्यावरून झाली. चोपड्याकडच्या एका बाळाच्या नाकाच्या अस्तराला नुसती सूज होती. नळी दोन्हीकडून आरपार गेली, म्हणून त्यांनी स्कॅन केला नाही, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि हलके ओढणे एवढ्यावर ठेवून तिसऱ्या दिवशी घरी सोडले. नवजाताचे नाक बंद असण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. दुसऱ्या बाळाच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात निळसर फुगवटा होता. अश्रुनलिकेचे खालचे टोक बंद राहून तिची पिशवी नाकात फुगली होती. याशिवाय नाकाचे पुढचेच तोंड हाडाने अरुंद असण्याचा एक प्रकार असतो. त्यात स्कॅनवर ती रुंदी ११ मिलिमीटरपेक्षा कमी भरते आणि कधी कधी वरच्या जबड्यात मधोमध समोरचा एकच दात येतो, म्हणून मेंदू आणि पीयूष ग्रंथी यांचीही तपासणी करावी लागते. नाकात गाठ दिसली तर स्कॅन होईपर्यंत तिला सुई लावायची नाही, कारण ती आतून मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते. ही माहिती मला नाक-कान-घसा शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दिली, तीही मी प्रश्नांची यादी लिहून नेली होती म्हणून. यादी पाहून ते हसले आणि 'ताई, ऑडिट आहे का?' असे म्हणाले. पण त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले.

आता तक्रार. चौथ्या दिवशी मी जळगावला आले तेव्हा अंतरिम बिलात हृदयाची इको तपासणी, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि नेत्रतज्ज्ञांची भेट अशा तीन ओळी होत्या. नाकाच्या आजारासाठी मूत्रपिंड कशाला, असा माझा सरळ प्रश्न होता आणि खिडकीवरच्या मुलाने 'प्रोटोकॉल आहे, मॅडम' एवढे सांगितले. त्याच दिवशी फाइलच्या एका कागदावर मला 'चार्ज : रुल्ड आउट' अशी नोंद दिसली. नोकरीच्या सवयीने मी तिचा अर्थ 'शुल्क रद्द' असा लावला आणि कोणते शुल्क रद्द झाले हे विचारायला पुन्हा खिडकीवर गेले. कोणालाच काही कळेना. शेवटी निवासी डॉक्टरांनी खुलासा केला की 'चार्ज' हे एका आजारसमूहाचे नाव आहे आणि 'रुल्ड आउट' म्हणजे तो नाही असे ठरले. डोळ्याच्या पडद्यातील फट, हृदयातील दोष, नाकाचे मागचे दार बंद असणे, वाढ खुंटणे, जननेंद्रियांतील आणि कानांतील दोष यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले आहे. नाकाचे मागचे दार दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बाळांत हे इतर दोष सोबत असण्याचा संभव बराच असतो, म्हणून हृदय, डोळे, कान आणि मूत्रपिंडे तपासल्याशिवाय भूल द्यायची नसते. आमच्या बाळात यांतले काही निघाले नाही. तपासण्या योग्य होत्या, आवश्यक होत्या आणि त्या केल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण जो आजार नाही हे सिद्ध करण्यासाठी एवढे केले, त्याचे नाव बाळाच्या आईला बिलातून कळावे, हे मला आजही पटत नाही. पाच मिनिटे बसून हे सांगितले असते तर तीन दिवसांची माझी चिडचिड आणि खिडकीवरच्या त्या बिचाऱ्या मुलाची फरफट, दोन्ही वाचले असते.

शस्त्रक्रिया आठव्या दिवशी झाली आणि सव्वादोन तास चालली. पूर्वी ही शस्त्रक्रिया टाळू उघडून केली जात असे, त्यात पुढे टाळूच्या वाढीवर आणि दातांच्या ठेवणीवर परिणाम होण्याची भीती असे. आता जेमतेम २.७ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत नेऊन पडदा कापतात, हाड बारीक ड्रिलने घासतात आणि दोन्ही नाकपुड्यांमधल्या भिंतीचा मागचा थोडा भाग काढून दोन दारांची ऐसपैस जागा करतात. नवे दार पुन्हा आक्रसून बंद होऊ नये म्हणून त्यात नळ्या ठेवाव्यात की नाहीत, याबद्दल शल्यचिकित्सकांमध्येच दोन मते आहेत. नळ्यांनी जागा उघडी राहते असे एक मत आणि नळ्यांच्या घर्षणानेच मांस वाढते असे दुसरे. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही मते सांगितली, बाळ लहान आणि दोन्ही बाजू बंद म्हणून आपण चार आठवडे नळ्या ठेवणार असेही सांगितले आणि नंतर एकदा तरी दुर्बिणीने साफसफाई करावी लागेल याची कल्पना आधीच दिली. ती पुढे खरी ठरली. ज्या सेवेत पुढचा त्रास आधी सांगितला जातो, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

बाळ बाहेर आले तेव्हा तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून पारदर्शक नळीची टोके डोकावत होती आणि ती नाकाच्या मधल्या दांडीपुढे एका टाक्याने एकमेकांना बांधलेली होती. एक दिवस कृत्रिम श्वास, मग दोन दिवस निरीक्षण, आणि जन्मानंतर तेराव्या दिवशी मी तिला पहिल्यांदा अंगावर पाजले. तिने तोंड बाजूला केले नाही. दूध पिताना नळ्यांतून येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज मात्र पुढे नळ्या निघेपर्यंत आमच्या सोबत होता.

घरी सोडण्याआधीचे तीन दिवस सिस्टरांनी माझ्या आईला आणि मला नळ्या साफ करायला शिकवले आणि एकोणीस दिवसांतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब एका नळीत घालायचे, थोडे थांबायचे, मग ओढण्याच्या यंत्राला जोडलेला बारीक कॅथेटर, म्हणजे लवचिक नळी, आत नेऊन बाहेर काढतानाच शेंबूड ओढायचा. कॅथेटर किती आत जावा हे कळावे म्हणून सिस्टरांनी त्यावर लाल चिकटपट्टीची बारीक खूण केली. लाल पट्टी नळीच्या तोंडाशी आली की थांबायचे. यंत्राचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर न्यायचा नाही आणि एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त ओढायचे नाही. आईने ते बाहुलीवर नव्हे तर बाळावरच, सिस्टरांच्या हाताखाली, पंचवीसेक वेळा केले. पण सोडताना हातात दिलेले सूचनापत्र इंग्रजीत होते. माझी आई सातवी शिकलेली आहे, मराठी वर्तमानपत्र रोज वाचते आणि दिवसातले निम्मे तास बाळ तिच्याच हाती राहणार होते. जळगावात, खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून रोज रुग्ण येणाऱ्या रुग्णालयात मराठी सूचनापत्र नसावे, याला काय म्हणावे? शेवटी त्याच सिस्टरांनी रुग्णालयाच्या कागदावर हाताने 'आधी थेंब, मग थांबणे, मग ओढणे. लाल पट्टीपुढे नाही. निळी पडली तर तोंड उघडून आधी रडवा आणि लगेच निघा' असे लिहून दिले. तो कागद आमच्या पाळण्याच्या दोरीला पिनेने लावलेला होता.

साधनांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण याची माहिती मला कुठे मिळाली नव्हती. विजेवर चालणारे ओढण्याचे यंत्र आम्ही जळगावच्या एका सर्जिकल दुकानातून महिन्याच्या भाड्याने घेतले. ते चांगले ओढते, दाब दाखवणारा काटा स्पष्ट आहे, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा आहे आणि बाळ प्रत्येक वेळी दचकून जागे होत असे. त्याहून मोठी अडचण विजेची. आमच्या गावी मे महिन्यात रात्री वीज जाते हे दुकानदाराला सांगताच त्याने स्वतःहून पायाने दाबायचा पंप दाखवला आणि तोही घेऊन जा म्हणाला. विकायचेच असते तर त्याने महागडी बॅटरी गळ्यात मारली असती. पायाच्या पंपावर दाब एकसारखा राहत नाही, हे खरे. थेंब एकाने, कॅथेटर दुसऱ्याने आणि पंप तिसऱ्याने सांभाळावा लागतो. तरीही दहा-बारा रात्री आमचे काम त्या पंपावरच भागले आणि खेड्यात राहणाऱ्याने विजेच्या यंत्रासोबत तो घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. रबरी फुग्याचा पंप नळ्या असताना उपयोगाचा नाही. नळ्या निघाल्यावर नाकपुडीच्या तोंडाशी आलेला शेंबूड काढायला तो पुरतो. मिठाच्या पाण्याचे थेंब ०.६५ टक्क्यांचे, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारे, पुरेसे होते. पण त्याच फळीवर तसल्याच बाटलीत नाक मोकळे करणारे औषधी थेंब असतात आणि एकदा आमच्या गावच्या दुकानदाराने 'हे लवकर गुण देते' म्हणून तेच हातात दिले होते. नवजाताला ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घालायचे नसतात. त्यांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर आणि श्वासावर होऊ शकतो. बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वैशाखातल्या कोरड्या हवेत नळ्यांत खपल्या फार लवकर धरत होत्या, दिवसातून सहा वेळा सांगितलेले थेंब आम्हाला आठ-नऊ वेळा घालावे लागले. खोलीत वाळ्याचा कूलर लावल्यावर फरक पडला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी दोन्हीला स्पष्ट मनाई केली होती, आणि नाकात तेल सोडायलाही, कारण ते तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आईने शेगडी लगेच बंद केली. तेलाची वाटी मात्र तिने आठवडाभर उशाशी ठेवली होती, वापरली नाही, पण उचललीही नाही.

घरी आल्यावर अकराव्या दिवशी बाळाच्या नाकाच्या मधल्या दांडीवर, टाक्याखाली, मसुरीच्या डाळीएवढा लाल व्रण दिसला. मी कक्षाच्या क्रमांकावर रात्री साडेदहाला दूरध्वनी केला. उचलला गेला, हे आधी नमूद करते. छायाचित्र पाठवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शल्यचिकित्सकांनी टाका सैल करून नळीखाली मऊ पट्टी बसवली, त्याचे पैसे घेतले नाहीत. नळीच्या दाबाने ती दांडी झिजली तर नाकाचा आकार कायमचा बिघडतो, हे त्यांनी तेव्हा सांगितले. हे सोडतानाच सांगितले असते तर मी रोज तिथे बोटाने चाचपून पाहिले असते. पुन्हा तीच गोष्ट, हात उत्तम आणि बोलणे उशिरा.

चार आठवडे पूर्ण झाल्यावर नळ्या काढल्या. दोन आठवड्यांनी दुर्बिणीने पाहिले तेव्हा उजवे दार चांगले उघडे होते, डावीकडे थोडे मांस वाढलेले होते. ते काढून दार एकदा रुंद केले आणि त्याच संध्याकाळी घरी सोडले. आता मुलगी पाच महिन्यांची आहे. कानाची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा ठीक निघाली. घरी मी अधूनमधून गार केलेला स्टीलचा चमचा तिच्या नाकाखाली धरते. डावा ठिपका उजव्यापेक्षा जरा लहान असतो, पण असतो.

खर्चाविषयी एवढेच सांगते की खाटेचा दर, शस्त्रक्रिया आणि भूल यांचे आकडे जे सुरुवातीला सांगितले त्यांत शेवटी वाढ झाली नाही. वाढ झाली ती 'डिस्पोजेबल्स', म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तू, या एका ओळीत, जिचा तपशील मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितल्यावर तो सहा पानांचा निघाला. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजातावरील उपचार आणि त्याची वाहतूक मोफत आहे, हे आम्हाला शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी सांगितले, तोवर शस्त्रक्रिया झालेली होती. अर्थात ते सांगणे या खिडकीचे काम नव्हते. सहा पानांच्या त्या तपशिलात २४ कॅथेटरची एक ओळ दोन वेगळ्या तारखांना, एकाच पावती क्रमांकाने लागलेली आहे. मी ती पेनने अधोरेखित करून दिली, व्यवस्थापकांनी चूक मान्य केली आणि पुढच्या भेटीत रक्कम वळती करू असे सांगितले. त्यानंतर दोन भेटी झाल्या. पुढची दुर्बीण तपासणी दिवाळीनंतर आहे आणि मूळ पावती मी बाळाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवली आहे.